समोर बसलेले सोलापूर

9 सप्टेंबर 1938 रोजी सोलापुरात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या मैफलीत त्यांची थोरली मुलगी शास्त्रीय गाणे गाण्यासाठी पहिल्यांदा रंगमंचावर बसली. लता मंगेशकर तेव्हा नऊ वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. आपण त्या दिवशी खंबावती राग गायलो आणि पुढे वडिलांचे गाणे चालू असताना त्यांच्याच मांडीवर डोके ठेवून झोपी गेलो, ही हकीकत त्यांनी नंतरच्या आयुष्यात कौतुकाने सांगितली. 2021 मध्ये, त्या दिवसाला 83 वर्षे झाली तेव्हाही त्यांना सोलापूर आठवले होते. ही आठवण गाणाऱ्याच्या बाजूची आहे. त्या दिवशी समोर जी माणसे बसली होती, त्यांनी काय ऐकले, कोणी मान डोलावली आणि घरी जाताना ती आपापसांत काय बोलली, हे त्यांच्याबरोबरच गेले. संगीताचा इतिहास लिहिताना गायक, गुरू आणि घराणी यांची नोंद होते, श्रोत्यांची सहसा होत नाही. म्हणून या माहितीपटात कॅमेरा रंगमंचाकडे पाठ करून उभा आहे.

या शहराचा श्रोता कसा घडला, हे समजण्यासाठी थोडे गिरण्यांकडे वळावे लागते. 1877 साली येथे ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाणारी गिरणी सुरू झाली आणि पुढची शंभरेक वर्षे सोलापूरचे घड्याळ भोंग्यावर चालले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच पाळीत काम करीत आणि पाळी सुटल्यावर एकाच मैदानात गाणे ऐकायला बसत. त्यामुळे येथील जुन्या रसिकाला आवडता कलावंत विचारला, तर एक नाव मिळत नाही. तो आधी एक ख्यालगायक, म्हणजे रागाचा विस्तार करून गाणारा शास्त्रीय गायक, सांगतो, मग एक शाहीर, मग एखादा कव्वाल, आणि थोड्या वेळाने हिंदी चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रातला एखादा गायक, ज्याचे नाव त्याला आता आठवत नसते, पण आवाज आठवत असतो.

ही माणसे मैफलीची गोष्ट सांगतात ती रागापासून सुरू होत नाही. आपण कोणाच्या शेजारी बसलो होतो, कोणती पाळी टाळून आलो होतो, सतरंजी पुरली नाही म्हणून मागे कोण उभे राहिले, तंबोरे जुळायला किती वेळ लागला, हे सारे आधी येते आणि राग त्यानंतर. जाणकारांना हा क्रम उलटा वाटेल. आम्हाला मात्र तो अधिक विश्वासार्ह वाटला, कारण रागाचे नाव पुस्तकातूनही मिळते, पण सतरंजी पुरली नव्हती हे तेथे बसलेल्यालाच ठाऊक असते.

भीमसेन जोशी यांचा विषय निघाला की सांगणाऱ्याचा हात आपोआप उचलला जातो. तान कोठून निघाली, कशी वर गेली आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशी येऊन आदळली, हे शब्दांनी सांगता येत नसल्याने तो हवेत रेषा काढून दाखवतो, आणि पाहता पाहता त्याच्या चेहऱ्यावर पंडितजींचेच हावभाव उमटतात. 1922 साली गदगला जन्मलेला हा मुलगा गुरूच्या शोधात अकराव्या वर्षी घर सोडून निघाला, ही कथा सोलापूरकर अशा थाटात सांगतात, जणू तो त्यांच्याच गल्लीतून निघाला होता. यामागे कारणही आहे. पंढरपूर येथून सुमारे 70 किलोमीटरवर आहे, आणि ज्या घरांत वारी आहे, त्या घरांत ख्यालाची ओळख नसली तरी भीमसेनजींच्या अभंगांची ओळख असते. अनेकांच्या बाबतीत रस्ता अभंगाकडून ख्यालाकडे गेलेला आहे. अभंगासाठी गेलेला माणूस पहिला दीड तास राग ऐकत बसे, आणि काही वर्षांनी तो त्या दीड तासासाठीच जाऊ लागे.

पण येथे एक जुना वाद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. कन्नड घरांतील अनेक रसिकांच्या मते पहिले नाव मल्लिकार्जुन मन्सूर यांचेच घ्यायला हवे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात होऊन गेले आणि त्यांनी कन्नडमध्ये वचने, म्हणजे छोट्या भक्तिपर रचना, रचली. मन्सूर यांनी शरणांची, म्हणजे सिद्धरामेश्वरांसारख्या संतांची, वचने गायली तेव्हा या घरांतील वडीलधाऱ्यांसाठी तो पूजेतलाच भाग होता. मन्सूर जयपूर-अत्रौली घराण्याचे. मंजी खाँ आणि बुर्जी खाँ या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले. त्यांचे गाणे आटोपशीर असे. स्वरवाक्य संपेल असे वाटते तेथे ते संपत नसे, एकातून दुसरे निघत जाई, आणि अनवट, म्हणजे क्वचितच गायले जाणारे, राग असल्यामुळे श्रोत्याला अंदाज बांधण्याची सोयही नसे. भीमसेनजींच्या चाहत्यांना यात भव्यता कमी दिसते. मन्सूरांचे चाहते म्हणतात की भव्यता पाहायची असेल तर भुईकोट किल्ल्यावर जावे. निवेदकाने अशा वादात पडू नये, हे मान्य आहे. तरीही भीमसेनजींचे किराणा घराणे आणि मन्सूरांचे जयपूर यांतला फरक एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा या भांडणातून लवकर कळतो, एवढे नोंदवले पाहिजे.

जुन्या आठवणींपैकी बहुतेक रात्रीच्या आहेत, आणि उशिराच्या रात्रीच्या. बारानंतर दरबारी किंवा मालकंस, पहाटे ललित, उजाडताना तोडी आणि अखेर भैरवी, असा रागांचा प्रवास एका बैठकीत ऐकलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. पुण्यात 1953 साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरच्या थंडीत येथून मंडळी रेल्वेने जात. अडीचशे किलोमीटरांचा तो प्रवास त्यांच्या बोलण्यात मैफलीइतकाच येतो, कारण परतीच्या डब्यात रात्रीचे सगळे गाणे पुन्हा एकदा तपासले जाई आणि कुर्डुवाडी येईपर्यंत कोण उत्तम गायले याचा निकाल लागलेला असे. 2000 साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू झाले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आली आणि वर्षातील मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्यांच्या हाती राहिली. झोपेचा हक्क महत्त्वाचा आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्यामुळे उघड्या मैदानातील श्रोत्यासाठी रात्रीच्या उत्तर प्रहरातले राग जवळजवळ नाहीसे झाले. चाळिशीतल्या रसिकांनी दरबारी ऐकला आहे तो बहुधा नऊच्या सुमारास, गायकाचे लक्ष घड्याळाकडे असताना. पहाटेचे राग त्यांना दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी काही प्रमाणात परत मिळवून दिले.

शास्त्रीय संगीतापाशीच थांबलो तर हे चित्र अर्धे राहील. पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचे. शाहीर अमर शेख यांचा जन्म 1916 साली याच जिल्ह्यातील बार्शीचा, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज ज्यांनी ध्वनिक्षेपकाशिवायही मैदानाच्या टोकाला ऐकला, ते त्याला मैफल म्हणत नाहीत, सभा म्हणतात. मोडनिंबची लावणी तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लावणीच्या आठवणी विचारल्यावर पुरुष मंडळी आधी एकमेकांकडे पाहतात, मग घरातल्यांकडे, आणि मग सांगू लागतात. एका निवृत्त शिक्षिकेने मात्र न अडखळता सांगितले की अकलूजच्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेला जाईपर्यंत लावणी ही बसून ऐकण्याची गोष्ट आहे, हे तिला कोणी कळूच दिले नव्हते. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या दिवसांत वामनदादा कर्डक यांची गीते आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वस्त्यावस्त्यांतून ऐकू येतो. तेथील श्रोत्याला कोणत्या वर्षी कोणता गायनसंच आला होता, हे पोरांच्या जन्मसालांच्या आधाराने बिनचूक सांगता येते.

पूर्व भागातल्या विणकर वस्तीत घंटसाला आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांची तेलुगू गाणी मागाच्या आवाजावर मात करण्याइतक्या मोठ्याने लावली जात. तेथे बतुकम्मा या तेलुगू भाषकांच्या फुलांच्या सणाच्या दिवसांत बायका फेर धरून गातात, तेव्हा गाणारी कोण आणि ऐकणारी कोण, हा प्रश्नच उरत नाही.

तरुणांची गोष्ट वेगळी आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, आणि ‘सैराट’चे चित्रीकरणही बहुतांशी त्याच भागातले; त्यामुळे 2016 साली अजय-अतुल यांच्या त्या गाण्यांवर येथील मुलांनी आपला हक्क सांगितला. गावाकडच्या प्रेमकथेसाठी अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले ते संगीत त्यांना परके वाटले नाही. हे तरुण कार्यक्रमाला जातात तेव्हा मोबाइल उंच धरतात, आणि वडीलधारे त्यावर नाराज असतात. परंतु त्याच वडीलधाऱ्यांच्या कपाटात, ऐंशीच्या दशकात खुर्चीखाली टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या कॅसेटी आहेत. त्यांवर गायकाच्या गाण्याबरोबरच शेजाऱ्याचा खोकला आहे, कोणाची तरी मोठ्याने दिलेली दाद आहे, आणि ध्वनिफीत उलटताना तुटलेली एक तान आहे.

सोलापूरचा उन्हाळा या चुंबकीय फितींना मानवत नाही. काही चिकटल्या आहेत, काहींवर बुरशी आली आहे. ज्यांच्याकडे त्या आहेत, त्यांच्यापैकी काहींची नातवंडे आता एकेक फीत संगणकावर उतरवून घेत आहेत. वेष्टनावर गायकाचे नाव आणि तारीख असते. राग कोणता आणि दाद कोणाची, हे आजोबांना विचारून लिहावे लागते. आजोबा नेहमी बरोबर सांगतात असे नाही. अशा वेळी शेजारच्या दुसऱ्या आजोबांना बोलावले जाते, आणि मग त्या दिवशी एकही फीत पुढे सरकत नाही.