पेटीतला फोन आणि बाकाखालचा फोन

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'मोबाइलविरोधी मास्तर' म्हटलं. मी ते माझ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. आजचा विषय 'शाळेत मोबाइल: बंदी की वापर?' यातला 'की' मला मंजूर नाही, पण ते शेवटी सांगतो. आधी पेटी. पेटीची गोष्ट ज्यांनी ऐकलीय त्यांनी खुशाल डोळे मिटावेत, माझ्या तासाला मुलं मिटायचीच.

आमच्या शाळेत ठरलं, की फोन आणायला हरकत नाही, पण पहिल्या तासाला वर्गशिक्षकाकडे जमा करायचा आणि घरी जाताना न्यायचा. माझ्याकडे नववीचा वर्ग. मी लाकडी पेटी करून घेतली. आत कप्पे, कप्प्यावर हजेरी क्रमांक. पहिल्याच दिवशी ३१ फोन जमा. महिनाभर एकही कप्पा रिकामा राहिला नाही. बाकीच्यांच्या वर्गात पाच-सात फोन जमायचे, माझ्याकडे ३१! मुख्याध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले, "सरांकडून शिका जरा." असं वाक्य कानावर आलं की पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असतं, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर मला कळायला हवं होतं.

एके दिवशी माझाच धक्का लागून पेटी टेबलावरून खाली आली. सगळे फोन फरशीवर. आणि बरीच मुलं जागची हललीच नाहीत. स्वतःचा फोन हातातून निसटला तर माणूस कसा झेपावतो, आठवून बघा. इथे जेमतेम निम्मी मुलं उठली. बाकीची फळ्याकडे बघत बसली, तीही कधी नव्हे इतक्या एकाग्रतेनं. मी एक फोन उचलला. मागचं झाकण निघालेलं, आत बॅटरीच नाही. दुसऱ्याची बटणं गळालेली. तिसरा काळ्या कव्हरातून बाहेर काढला तर कॅल्क्युलेटर! घरोघरच्या खणांत पडलेली मढी मी महिनाभर मोजून, कुलूप लावून सांभाळत होतो. जिवंत फोन होते बाकाखाली.

आणि तेवढ्यात त्यातला एक वाजला. ज्याचा होता त्या पोरानं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, आईचा आहे. घेऊ?"

आता तास चालू असताना फोन करणारी ती माउली काही एकटी नाही. पालकसभेत "याच्या हातातला फोन सुटतच नाही हो" म्हणून हळहळणारे पालक आणि भर तासाला पोराला फोन लावणारे पालक ही दोन वेगळी माणसं असावीत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पण माझी तक्रार मुलांविषयी नाही, पालकांविषयीही नाही. या प्रकारावर उपाय म्हणून मला काय मिळालं? नोंदवही. हजेरी क्रमांक, नाव, फोनचा रंग, बॅटरी आहे/नाही, सुरू होतो/होत नाही, सही. सकाळी तासातली बारा मिनिटं त्यात, परत देताना आणखी बारा. मोबाइलनं शिकवण्याचा वेळ जातो म्हणून बंदी, आणि बंदीनं शिकवण्याचा वेळ जातो म्हणून मी हैराण. फोन हरवला तर भरपाई कोणी द्यायची, हा रकाना तेवढा वहीत नव्हता. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली बंदी उठेपर्यंत शाळांबाहेर गाड्या उभ्या असायच्या, मुलांचे फोन दिवसभर भाड्यानं सांभाळणाऱ्या. मला वेळेवर कळलं असतं तर मी खडू ठेवून गाडीच घेतली असती.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? पाच. बरं.

तर मुद्दा. बंदीच्या आदेशाला एक सही पुरते, ती पाळायला रोज माणसं लागतात. ती कोण, हे आदेशात नसतं. फ्रान्सनं २०१८ मध्ये कायदा केला, ब्राझीलनं २०२५ मध्ये. पण बंदीचे परिणाम सगळीकडे सारखे दिसत नाहीत. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांचा बेलंड आणि मर्फी या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. बंदीनंतर मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, हुशार मुलांना फरक पडला नाही. तशीच पाहणी स्वीडनमध्ये झाली, तिथे काहीच हाती लागलं नाही. २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० शाळा पाहिल्या. कडक नियमांच्या शाळांतल्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा बरं आढळलं नाही. हे वाचताना माझ्या मनात एकच आलं, त्या शाळांतल्या पेट्या कोणी उघडून बघितल्या होत्या का?

आता २०२२ ची पिसा चाचणी, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा. निदान काही गणिताच्या तासांना तरी डिजिटल उपकरणांमुळे आपलं लक्ष उडतं, असं ओईसीडी या, बहुतेक श्रीमंत देशांच्या, संघटनेतल्या देशांतल्या सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं. दुसऱ्याच्या उपकरणामुळे उडतं म्हणणारी ५९ टक्के. मला हा दुसरा आकडा जास्त लागतो. माझ्या वर्गात ज्यांनी खरा फोन पेटीत ठेवला, त्यांनाही शेजारच्या बाकाखालचा उजेड दिसतच होता. प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून बघत बसायचं! आणि त्याच चाचणीत, शाळेत शिकण्यासाठी रोज तासाभरापर्यंत उपकरण वापरणारी मुलं अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात सरासरी १४ गुणांनी पुढे होती. उपकरणामुळेच पुढे होती असं यातून सिद्ध होत नाही, पण 'की' मला का नको ते कळलं असेल.

भराभर सांगतो. फोन दारातच घ्यायचे, ते शाळेनं, वर्गशिक्षकानं नाही. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, मधल्या सुट्टीसकट. घरचा निरोप कार्यालयात. तासाला उपकरण हवं तर शाळेचं, तास संपला की कपाटात. मधुमेहाच्या मुलाचा साखर मोजणारा सेन्सर फोनला जोडलेला असेल, तर तो फोन त्याच्याजवळच राहील, त्यावर चर्चा नाही.

शिक्षकांच्या फोनबद्दल बोलायचं राहिलं. समोर शिक्षक जास्त आहेत म्हणून राहिलं, असं कृपया समजू नये. आणि तो कॅल्क्युलेटरवाला आज पाचव्या रांगेत बसलाय. तुझा कॅल्क्युलेटर मी परत दिला नव्हता रे. आणलाय आज. अजून चालतो. सही करून घेऊन जा.