आधी सूर की आधी कालमूल्य?

संगणकाच्या पडद्यावर पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पाच रेघा आहेत आणि त्यांवर एकच क्रॉचेट, म्हणजे पूर्ण नोटेच्या चौथ्या हिश्श्याइतकी नोट, उमटवायचे आहे. त्यासाठी स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरांपैकी म्यूझस्कोरमध्ये ५ हा आकडा दाबावा लागतो, सिबेलिअसमध्ये अंकपट्टीवरचा ४, तर डोरिकोमध्ये ६. आकडे वेगळे असले तरी तिन्हींचा नेहमीचा क्रम एकच आहे: आधी कालमूल्य, म्हणजे सूर किती वेळ टिकेल ते, निवडायचे, मग सुराचे अक्षर दाबायचे.

कागदावर लिहिणारा हात नेमका उलटा चालतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतासाठी गोव्याहून आलेल्या संयोजकांनी वाद्यवृंदाची पाने हाताने लिहिली, तेव्हा लेखणी प्रथम सुराच्या जागी टेकत असे. कालमूल्य दाखवणारी नोटेची दांडी आणि शेपटी त्यानंतर येई. लेखणीच्या या क्रमाला सर्वांत जवळची होती ती फिनाले या अशाच सॉफ्टवेअरमधली ‘स्पीडी एन्ट्री’ ही पद्धत. तीत एका हाताने मिडी कीबोर्डवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या पियानोसारख्या पट्ट्यांवर, सूर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने कालमूल्याचा आकडा दाबायचा, की नोट उमटत असे. १९८८ साली आलेल्या फिनालेचा विकास थांबवत असल्याचे मेकम्यूझिक कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा अनेकांच्या बोटांत मुरलेली ही सवयच पोरकी झाली. डोरिकोने ‘आधी सूर, मग कालमूल्य’ असा पर्याय ठेवला आहे, ही त्यांच्यासाठी मोठीच सोय आहे.

मेट्रोनोमच्या, म्हणजे ठराविक लयीत टिकटिकणाऱ्या साधनाच्या, ठोक्यावर सरळ वाजवून नोंद करण्याची पद्धत पाहताना मोहक वाटते. पण वादकाने भावनेच्या भरात लय किंचित ताणली, की पानावर नको ते विराम आणि जोडरेषा उगवतात. कच्च्या आराखड्यापलीकडे तिच्यावर विसंबू नये, असे आम्हांला वाटते.

मिडी कीबोर्डची खरी मर्यादा मात्र याहून सूक्ष्म आहे. मधल्या सी-च्या वरचा जी शार्प (जी-हून अर्ध्या स्वराने उंच) आणि ए फ्लॅट (ए-हून अर्ध्या स्वराने खाली) ही त्याच्या लेखी एकच पट्टी, क्रमांक ६८. ए मायनर या स्वरश्रेणीत ए-कडे चढणारा सूर जी शार्प लिहायचा, तर सी मायनरमध्ये तोच ए फ्लॅट म्हणून लिहायचा, हे क्रमांकातून कळत नाही; सॉफ्टवेअर संदर्भावरून अंदाज बांधते आणि कधीकधी चुकते. पान पहिल्यांदाच वाचणारा व्हायोलिनवादक अशा ठिकाणी क्षणभर अडखळतो. लिलिपाँड या सॉफ्टवेअरमध्ये सारे संगीत मजकुरासारखे टंकावे लागते, आणि ते काम संथ आहे हे मान्यच. परंतु तिथे जी शार्प आणि ए फ्लॅट यांची नावेच निराळी असल्याने ही निवड लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतःच करावी लागते.