आधी हात आवरा

श्रोतेहो, नमस्कार.

अपघात होऊ नये म्हणून काय करायचं, हे ट्रॅफिक पोलिसापासून सासूबाईंपर्यंत सगळे आपल्याला सांगत असतात. पण मोटरसायकलवरून कुणी पडलंच, तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं? तिथे आपली पंचाईत होते, कारण त्या दहा मिनिटांत आपल्याला मदत करायची भारी घाई असते.

तीन गोष्टी करायच्या नाहीत. पडलेल्याचं हेल्मेट ओढायचं नाही. त्याला पाणी पाजायचं नाही. त्याला उठवून बसवायचं नाही. मी पुन्हा सांगणारच आहे, पण आधी नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या मावशींची गोष्ट ऐका.

रबाळे स्टेशनबाहेर सर्व्हिस रोडला एक मावशी भाजी घेऊन बसतात. भाजी घ्यावी तर अशी, हाताने निवडून. मोबाइलवरून दहा मिनिटांत घरपोच येणारी भेंडी मोडून बघा, मोडत नाही, नुसती वाकते. असो. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ, कंपन्या सुटलेल्या. मी गवार निवडत होतो. तेवढ्यात एका टेम्पोने वळताना मोटरसायकलला कट मारला. पोरगा घसरत थेट मावशींच्या पाटीपासून दोन हातांवर येऊन आडवा. गाडी वेगळीकडे, चाक फिरतंच आहे.

मग जे होतं ते झालं. पंधरा-वीस माणसं धावली. एकाने बाटलीचं झाकण उघडलं, एकाने हेल्मेटला हात घातला, दोघांनी काखेत हात घातले. आणि चारपाच जणांनी अर्थातच मोबाइल वर धरले. त्यांच्याविषयी मला जे वाटतं ते रेडिओवर बोलता येत नाही.

मावशी उठल्या आणि ओरडल्या, "हात लावायचा नाही कुणी! लांब व्हा!" असा आवाज, की काखेतले हात आपोआप सुटले. "ए दादा, ती बाटली मिट. ए पोरा, तू गाडीची चावी काढ आधी, पेट्रोल गळतंय." मग टोमॅटोचे रिकामे क्रेट उचलून रस्त्यात आडवे लावले, मागून येणारी वाहनं वळायला लागली. एका कॉलेजच्या मुलाला पडलेल्याच्या डोक्यामागे गुडघ्यावर बसवलं आणि सांगितलं, "दोन्ही हातांनी डोकं असं धर. हलू द्यायचं नाही, ओढायचं नाही. नुसतं धरून ठेव आणि त्याच्याशी बोलत राहा." हेल्मेटची काच तेवढी स्वतः वर केली. श्वास चालू आहे ना, तोंडात रक्त नाही ना, पाहिलं. मला म्हणाल्या, "गवार ठेवा खाली, एकशे आठ लावा." मी लावला. "आणि खूण नीट सांगा. स्टेशनच्या कुठल्या बाजूला, ते सांगा."

पोरगा शुद्धीत होता. सारखा एकच विचारत होता, "माझी गाडी कुठंय?" मावशी म्हणाल्या, "गाडी आहे बाबा, तू पाय हलवून दाखव." त्याने पाय हलवला. "हाताची बोटं?" तीही हलली. मग त्यांनी आपली छत्री उघडून त्याच्यावर धरली आणि तशाच उभ्या राहिल्या.

इकडे टेम्पोवाला खिशातून पाचशेची नोट काढून दाखवतोय. जागेवरच मिटवू म्हणे. कुणी दाद देईना तेव्हा म्हणाला, "टेम्पो बाजूला घेतो," आणि बाजूला घेतला तो थेट ऐरोलीच्या दिशेने. सगळे आ वासून बघत राहिले. मोबाइल इतके वर, पण टेम्पोचा नंबर एकाच्याही व्हिडिओत धड आला नव्हता.

मावशींकडे होता. दरांची पाटी असते ना त्यांची, काळी? त्यावर खडूने भेंडी, गवार, वांगी, आणि खाली एमएच त्रेचाळीसपासून पूर्ण नंबर. टेम्पो उभा असतानाच लिहून ठेवला होता. हवालदारांनी पाटीचाच फोटो काढला. पुढे बरेच दिवस मावशींनी ती ओळ पुसली नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, "मावशी, हा कशाचा भाव?"

नंतर कळलं, मावशी पूर्वी एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॅन्टीनला होत्या. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. तेव्हा तिथे प्रथमोपचार शिकवायचे, आणि कामगार मागच्या रांगेत डुलक्या काढत असताना कॅन्टीनच्या बाया पुढे बसून ऐकायच्या. पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मानेला काही झालं नव्हतं. पण हे रस्त्यावर कुणाला दिसणार? दिसत नाही, म्हणूनच मान मोडलीय असं धरून चालायचं.

आता कारणं. हेल्मेट ओढलं की मान वाकते, आणि मणक्याला इजा असेल तर ती वाढते. श्वासच चालत नसेल, तोंडात उलटी किंवा रक्त भरलं असेल, तरच काढायचं. तेही दोघांनी. एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हळूहळू सरकवायचं. पाणी नको, कारण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात ते अडकतं, आणि ऑपरेशन करायचं ठरलं तर पोट रिकामं लागतं. उठवायचं नाही, कारण पुन्हा तेच, मान आणि पाठ. हेल्मेट नाही, पाणी नाही, उठवणं नाही. रक्त वाहत असेल तर मात्र स्वच्छ फडका घट्ट दाबून धरा, सारखा उचलून बघू नका.

"पोलिसांचं लफडं नको," असं म्हणून पुष्कळ लोक पुढे जातात. त्यांच्यासाठी सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी केंद्राची कॅशलेस योजनाही आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार त्यात होतात. जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे ११२ वर विचारा. गाडी ठोकून पळालेला सापडलाच नाही तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या घरच्यांना दोन लाख भरपाई मिळते. पण त्यालासुद्धा पोलिसांत नोंद लागते. म्हणून ती पाचशेची नोट घ्यायची नाही.

तुम्ही स्वतः पडलात आणि उठून उभे राहिलात, तर लगेच किक मारू नका. अंगात त्या वेळी अशी काही धग असते की दुखणं रात्री कळतं. उलटी झाली, गुंगी आली, कानातून किंवा नाकातून पाणी आलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. नंबर प्लेट, रस्ता आणि आजूबाजूची दुकानं त्यात आली पाहिजेत, कारण दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. रस्त्यावरचे उखडलेले पेव्हर ब्लॉकही फोटोत घ्या. पावसात दुचाकीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायची कल्पना ज्याची असेल, त्याला ठाण्याच्या घोडबंदर रोडला स्कूटर चालवायला लावली पाहिजे. असो. विमा कंपनीला आधी कळवा, त्यांच्या माणसाने गाडी बघितल्याशिवाय गॅरेजवाल्याला खोलू देऊ नका. नुकसानभरपाईचा दावा ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो, त्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. सहा महिने.

राहिलं हेल्मेट. एकदा आपटलं की ते संपलं. वरून ओरखडासुद्धा दिसत नाही, पण आतला थर्माकोलचा थर दबलेला असतो आणि तो दुसऱ्यांदा दबत नाही. आयएसआय मार्कचं नवीन घ्या. डोक्यावर पालथी वाटी ठेवल्यासारखं ते अर्धं घेऊ नका. आणि जुनं भंगारात देताना त्याचा पट्टा कापून द्या, नाहीतर पुसून-पासून तेच पुन्हा कुठल्यातरी फुटपाथवर विकायला येतं.

नमस्कार.