केलॉईडवर इंजेक्शन: खाज थांबली म्हणजे संपलं नाही

नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना माझ्या छातीवर, बरोब्बर मधोमध, एक पुटकुळी आली होती, ती बसली आणि तिथे गुलाबी टिपका राहिला, आणि मग तो वाढतच गेला, दोन वर्षांत बोटाच्या पेराएवढा लांब, टणक, चकचकीत, आणि रात्री अशी खाज सुटायची की मी झोपेतून उठून बसायचे. याला केलॉईड म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे नाव दिलं, खेकड्याच्या नांगीवरून, कारण ते जखमेची हद्द सोडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीत नांगी घालतं. साधा उंच वण, ज्याला डॉक्टर हायपरट्रॉफिक स्कार म्हणतात, तो हद्दीत राहतो आणि बऱ्याचदा हळूहळू आपणहून बसतो. केलॉईड सहसा तसं बसत नाही.

मी आधी ते कापून घेतलं. नुसतं कापलं, पुढे काहीच नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. पाच-सहा महिन्यांत आधीपेक्षा मोठं होऊन परत आलं. नुसत्या ऑपरेशननंतर केलॉईड परत येण्याचं प्रमाण ४५ ते १०० टक्के सांगतात, हे मला कितीतरी उशिरा कळलं, म्हणून आज तुम्हाला आधीच सांगतेय.

मग इंजेक्शन सुरू झाली. औषध ट्रायमसिनोलोन, म्हणजे स्टिरॉईड, बहुतेक मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम, दर चार ते सहा आठवड्यांनी. सुई गाठीच्या आत जाते, खाली नाही. पहिल्या वेळी गाठ इतकी कडक होती की डॉक्टरांच्या अंगठ्याचं नख दाबून दाबून पांढरं पडलं तरी औषध आत जाईना, आणि मग अचानक तो लाल वण कडेपर्यंत पांढराफटक झाला. "बघा, बरोबर जागी गेलं," ते म्हणाले. दुखतं, खोटं कशाला सांगू! पण औषधात भूल मिसळून घेता येते, आधी बर्फ लावता येतो, विचारा तरी.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. दोन-तीन डोसांत खाज आणि दुखणं कमी होतं, आणि लोक तिथेच सोडतात. मीही सोडणार होते. पण गाठ अजून तशीच असते, कोलॅजनचा, म्हणजे कातडीतल्या ज्या तंतूंनी वण भरतो त्यांचा, तो ढीग सपाट व्हायला कितीतरी महिने लागतात. मला सात डोस लागले.

नुसत्या स्टिरॉईडने भागलं नाही तर त्यात फाइव्ह-एफयू मिसळतात. हे कॅन्सरचं औषध आहे हे ऐकून माझी आई रडायलाच लागली होती, पण तुम्हाला कॅन्सर आहे म्हणून ते देत नाहीत, भराभर वाढणाऱ्या पेशींना ते आवर घालतं, म्हणून इथे थोडंसं वापरतात. गरोदरपणात मात्र नाही, दिवस राहायची शक्यता असेल तरी आधी सांगा. आणि डायबिटीस असेल तर स्टिरॉईडने साखर काही दिवस वाढू शकते, तेही सांगा.

त्रास काय होतो? औषध खालच्या चरबीत गेलं तर खळगा पडतो, कातडी पातळ होते, रंग फिका पडतो, बारीक लाल शिरा दिसायला लागतात. माझ्या वणाभोवती एक फिकट कडं राहिलंय. बराचसा रंग परत आला, सगळा नाही.

आणि गाठ मोठी असेल, कापावीच लागली, तर त्याच डॉक्टरांना विचारा की टाके निघाल्यावर इंजेक्शन कधीपासून, किती महिने, आणि सिलिकॉनची पट्टी लावायची का. याचं उत्तर मिळाल्याशिवाय टेबलावर झोपू नका.

माझा वण आता सपाट आहे. तरी अंघोळीनंतर मी बोट फिरवून बघते, कडेला कुठे टणक लागतंय का, आणि मागच्या वर्षी एकदा लागलं, डाळीच्या दाण्याएवढं, तेव्हा त्याच आठवड्यात गेले आणि एका इंजेक्शनवर ते बसलं.