पेटी आधी, पायलट मागून

[दृश्य: सांगली. पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव रंगवलं जातंय.]

झाकणावर नाव सगळेच लिहितात. पण ट्रकमध्ये किंवा स्टोअरमध्ये पेट्या एकावर एक रचल्या की झाकण दिसतच नाही. दिसते ती कडीची अरुंद बाजू. म्हणून नाव आणि सर्व्हिस नंबर दोन्ही अरुंद बाजूंवरही हवा. शिवाय एकदा झाकणाच्या आतून, कारण बाहेरचा रंग घासला जातो. हुद्दा लिहायचाच तर बारीक अक्षरांत लिहावा. हुद्दा दर काही वर्षांनी बदलतो, नंबर तोच राहतो.

सातारा-सांगलीकडच्या घरांना ही काळी ट्रंक नवी नाही. देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 साली साताऱ्यात सुरू झालं. पुढे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, केरळातली एझिमलाची नौदल अकादमी, मग विमान शिकायला हैदराबादजवळचं दुंडीगल. पेटी मुलाच्या मागोमाग फिरत राहते. तो नौदलाच्या लढाऊ विमानावर गेला, की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

[दृश्य: मिरज जंक्शन. फलाटावर सामान.]

आधी मिरजेचा टप्पा. पुण्याकडून आलेली गोव्याची गाडी इथून बेळगाव, लोंढा आणि दूधसागरचा घाट करून वास्कोला उतरते. वास्कोला लागूनच दाबोळी आहे आणि दाबोळीला नौदलाचा विमानतळ, आयएनएस हंसा. मिग-29के विमानांचं घर तेच. मिरजेच्या दक्षिणेला मीटर गेज होतं, तोवर पुण्याहून येणाऱ्याला इथे उतरून पेटीसकट दुसऱ्या गाडीत चढावं लागे. आता ते नाही. मापाची अडचण मात्र अजून आहे. डब्यात सोबत नेण्याच्या ट्रंकेचं माप रेल्वेने 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर ठरवलंय. थ्री टायर एसीत तेच 55 बाय 45 बाय साडेबावीस. मोठी काळी ट्रंक 25 सेंटिमीटर उंचीत क्वचितच बसते, त्यामुळे ती पार्सल ऑफिसातून बुक करून ब्रेक व्हॅनमध्ये टाकावी लागते. वजनाची मोफत मर्यादा स्लीपरला 40 किलो. वरचा एसी वर्ग घेतला की वजनाची मुभा वाढते, 50 किंवा 70 किलोपर्यंत. पण बर्थखालची जागा काही वाढत नाही.

[दृश्य: समुद्रात विमानवाहू जहाज. डेक रिकामा.]

आता मुख्य गोष्ट. बंदरातून निघताना विमानवाहू जहाजाचा डेक बहुतेक मोकळा असतो. विमानं जहाज खोल समुद्रात गेल्यावर उडत येतात. बांधलेल्या जहाजावर ती उतरूही शकत नाहीत आणि तिथून उडूही शकत नाहीत. जहाज वाऱ्याला सामोरं जात वेगात चालतं, तेव्हा समोरून येणारा वारा आणि जहाजाचा स्वतःचा वेग मिळून विमानाचं बरंच काम करतात. हा वारा नसेल तर आपल्या नौदलाच्या आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाच्या टोकाचा 14 अंशांचा चढही पुरत नाही.

म्हणजे पायलट जहाजावर पोचतो सगळ्यांच्या शेवटी, आणि येतो तो अशा विमानातून ज्यात सामानाला जागा नाही. बाकी सगळं, म्हणजे तंत्रज्ञ, अवजारं, सुटे भाग, चाकं, कागदपत्रं आणि पायलटची किटबॅग, जहाज बंदरात असतानाच चढलेलं असतं. विक्रमादित्यचा तळ कारवारला आहे, दाबोळीपासून रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर. बॅग ट्रकने जाते, मालक नंतर हवेतून येतो.

त्यामुळे सामानाचे तीन ढीग करावे लागतात आणि चुका होतात त्या इथेच.

पहिला ढीग ट्रंकेत, ती तळावर राहते. हिवाळी कपडे, पुस्तकं, जुने बूट. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत बंद पेटीतल्या चामड्यावर आठ-दहा दिवसांत बुरशी धरते, म्हणून बूट पॉलिश करून, आत कागद कोंबून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचे. डांबरगोळ्या किड्यांना थांबवतात, ओलाव्याला नाही; हा गैरसमज घरोघरी आहे.

दुसरा ढीग किटबॅगेत, जहाजासाठी. ही बॅग मऊच हवी. विक्रांतसारख्या 262 मीटर लांबीच्या जहाजात दोन हजारांहून अधिक कप्पे आहेत, आणि केबिनपर्यंतची वाट अरुंद बोळांतून आणि जवळजवळ उभ्या लोखंडी शिड्यांवरून जाते. प्रत्येक जलरोधक दाराला उंच उंबरा असतो. शिडीवर एका हाताने कठडा धरावाच लागतो, म्हणजे सामानाला एकच हात उरतो, नाहीतर पाठ. चाकांची बॅग इथे निरुपयोगी. चाकं आणि दांडा मिळून दोन-तीन किलोंचं ओझं, आणि लॉकरमध्ये ती दुमडताही येत नाही. रिकामी किटबॅग घडी होऊन गादीखाली जाते. जड बॅगा हॅचमधून, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या वाटेतून, दोरीने खाली सोडतात किंवा माणसांची साखळी करून हातोहात उतरवतात. सगळ्यात आधी लागणाऱ्या वस्तू सगळ्यात वर ठेवायच्या, कारण पहिल्या रात्री अख्खी बॅग उपसायला पुरेशी जमीनच नसते.

समारंभाचा पांढरा गणवेश प्लास्टिकमध्ये, सपाट घडी करून, बॅगेच्या मध्यभागी. तलवार कशातच बसत नाही. ती स्वतंत्र खोळीत जाते आणि हमखास मागे राहते.

हेल्मेट, जी-सूट, लाइफ जॅकेट हे वैयक्तिक सामानात धरत नाहीत. ते पायलटच्या अंगावरच येतं.

तिसरा ढीग खिशातला. ओळखपत्र, रोजची औषधं, चष्मा, टूथब्रश, एक जोड मोजे आणि घराची किल्ली. किल्लीकडे पुन्हा येऊ.

[दृश्य: मिग-29के डेकवर उतरतंय. हुक तारेत अडकतो.]

कॉकपिटमध्ये छोटी पिशवी ठेवली तर काय बिघडतं? उतरताना विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि ताशी सुमारे 240 किलोमीटरचा वेग अडीच सेकंदांत शून्यावर येतो. हिशेब केला तर तो धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पावणेतीनपट येतो. पाच किलोची पिशवी त्या क्षणी साडेतेरा किलोंच्या जोराने पुढे जाते आणि पुढे पायलटचे पाय असतात, रडरची पेडल्स असतात. हवेत विमान उलटं झालं, तर सुटलेलं पेनसुद्धा तरंगत जाऊन कंट्रोल स्टिकच्या बुडाशी अडकू शकतं. शिवाय संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट सुटते तेव्हा पाय आणि हात यांच्या वाटेत काहीही असून चालत नाही. म्हणून खिसेही चेनचे असतात आणि चेन लावलेली आहे की नाही, हे चढण्याआधी पुन्हा पाहिलं जातं.

अमेरिकी नौदलाने यावर दुसरा मार्ग काढला. विमानाच्या पंखाखाली लटकणाऱ्या इंधनटाकीच्या आकाराचा पोकळ डबा, त्याला दार, आत कपडे. त्यांच्या स्क्वाड्रनच्या मोठ्या पेट्यांना 'क्रूझ बॉक्स' म्हणतात; त्या आधीच जहाजावर चढतात. कॅलिफोर्नियातल्या लेमूरच्या तळावरून सॅन डिएगोच्या बंदरापर्यंत त्यांचा रस्ता पाचशे किलोमीटरचा, आपल्या दाबोळी-कारवारच्या पाचपट. समुद्रात गेल्यावरही टपाल, माणसं आणि सुटे भाग पोचवायला त्यांच्याकडे डेकवर उतरणारं सी-2 ग्रेहाउंड हे मालवाहू विमान होतं, सुमारे साडेचार टन माल नेणारं. आता त्याची जागा सीएमव्ही-22 ऑस्प्रे घेतंय. आपल्याकडे असं मालवाहू विमान नाही. विसरलेली बॅग हेलिकॉप्टरनेच येते.

[दृश्य: चेतक हेलिकॉप्टर. वजनकाट्यावर बॅग.]

हेलिकॉप्टरकडे मात्र किलोकिलोचा हिशेब असतो. चेतकचं उड्डाणाचं कमाल वजन 2,200 किलो. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा रिकाम्या यंत्राचाच. उरलेल्यात इंधन, दोन पायलट, प्रवासी आणि शेवटी सामान. दुपारच्या उन्हात हवा विरळ होते आणि ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणून माणूस आणि बॅग दोघांचंही वजन यादीत चढतं, आणि जागा कमी पडली की माणूस जातो, बॅग राहते.

चढताना काही गोष्टी ठरलेल्या आहेत. पायलटला दिसेल अशा बाजूनेच जायचं, शेपटीकडे फिरकायचंही नाही. मागचा छोटा पंखा फिरताना जवळजवळ दिसत नाही. बॅग कमरेखाली धरायची, खांद्यावर किंवा डोक्यावर नाही. टोपी खिशात. लोंबणारे पट्टे आत खोचलेले. बॅगेवरचं सुटं कागदी लेबल वाऱ्याने उडून इंजिनात जाऊ शकतं, म्हणून नाव कापडावरच लिहिलेलं किंवा शिवलेलं हवं. पॉवर बँक किटबॅगेच्या तळाशी दडवायची नाही. लिथियमची बॅटरी दबली किंवा तापली तर पेटते आणि जाळीखाली आवळलेल्या ढिगात ती सापडत नाही.

ज्या छोट्या जहाजावर उतरायला डेक नसतो, तिथे सामान हेलिकॉप्टरमधल्या विंचच्या, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, तारेने खाली सोडतात. हलकी बॅग जास्त त्रास देते, जड नाही. रोटरच्या वाऱ्यात ती गरगर फिरते, झुलते आणि तारेला पीळ पडतो. म्हणून दोन-चार बॅगा एका जाळीत बांधून वजन वाढवतात आणि खालच्या टोकाला एक दोरी सोडतात, ती डेकवरचे हात धरतात. जाळी येताच कुणीही आधी हुकला हात लावत नाही. फिरत्या पंखांमुळे हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते. हुक डेकला किंवा अर्थिंगच्या दांड्याला टेकून ती उतरल्याशिवाय पकडला तर जबरदस्त झटका बसतो.

[दृश्य: घरातलं स्वयंपाकघर. डबे भरले जाताहेत.]

घरून काय द्यावं, याबद्दलही थोडं. लोणच्याची बरणी नको. हेलिकॉप्टरच्या सततच्या थरथरीने झाकण सैल होतं आणि तेल गणवेशापर्यंत पोचतं. शेंगदाण्याची कोरडी चटणी, सांगलीचे बेदाणे चालतात. साताऱ्याचा कंदी पेढा खरपूस भाजलेल्या खव्याचा, ओलावा कमी, म्हणून साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. भडंग टिकतं, वजनालाही हलकं. पण जागा फार खातं, आणि जहाजावरच्या लॉकरला वजनाशी काही देणंघेणं नसतं.

[दृश्य: किनारा दिसतोय. डेकवरून विमान उडतंय.]

परतीला क्रम उलटा. जहाज बंदरात शिरण्याआधीच विमानं उडून दाबोळीला जातात, नाहीतर ती जहाजावरच अडकून पडतील. पायलट घरी पहिला पोचतो, बॅग मागून, जहाज लागल्यावर, ट्रकने. नाव नीट नसेल तर आणखी उशिरा. आणि किल्ली किटबॅगेत राहिली असेल, तर बंद दारासमोर तो फ्लाइंग ओव्हरऑलमध्ये उभा असतो आणि शेजारी कुलूपवाल्याला फोन लावत असतात.