मोर्चा, निवेदन आणि फॉरवर्ड

(अमेरिकेतील मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

राजकीय प्रचार, त्यातून उसळणारा संताप आणि त्याला लोकशाहीच्या हिताचे उत्तर कसे द्यावे, असा विषय आपण मला दिला आहे. या विषयावर सर्वसाधारण बोलणे फार सोपे असते, आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तर ते जरा अधिकच सोपे जाते. म्हणून मी तो माझ्या गावापुरता आवळून घेतो.

सप्टेंबर १९५३ मध्ये झालेल्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होते, आणि त्या दिवसांत शहरात मोर्चांचा हंगाम असतो. आपल्यापैकी जे सीताबर्डीच्या आसपास वाढले त्यांना हे दृश्य नवे नाही. यशवंत स्टेडियमजवळून मोर्चा निघतो, घोषणा देत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत किंवा झिरो माइलपर्यंत येतो आणि पोलिसांच्या बॅरिकेडपाशी थांबतो. अंगणवाडी सेविका, आशा कर्मचारी, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, हलबा समाजाचे लोक असे सगळे तिथे रस्त्यावर बसतात. भाषणे होतात, सरकारला शिव्याशाप दिले जातात. आणि मग पाच-सात जणांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन मंत्र्यांना भेटायला आत जाते.

या निवेदनाकडे आपण क्वचितच नीट पाहतो. वर डावीकडे ‘प्रति, माननीय मंत्री महोदय’ असे लिहिलेले असते, त्याखाली विषय, मग क्रमवार मागण्या, तळाशी अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या, संघटनेचा गोल शिक्का, नोंदणी क्रमांक आणि मोबाइल नंबर. शिवाय एक दुसरी प्रत असते, जिच्यावर कार्यालयाची पोच घेतलेली असते आणि जी संघटनेचा सचिव पुढे कित्येक वर्षे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतो. बाहेर रस्त्यावरच्या घोषणा कितीही जहाल असल्या, तरी त्या कागदावर संताप कोणाचा आहे, कोणाकडे मांडला आहे आणि नेमके काय झाले म्हणजे तो शमेल, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. त्यावर विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारता येतो, तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी लक्षवेधी मांडता येते, मंत्र्याने सभागृहात शब्द दिला तर तो पाळला गेला की नाही हे तपासायला आश्वासन समिती असते. हे सगळे संथ आणि कंटाळवाणे आहे, पुष्कळदा निष्फळही आहे, परंतु लोकशाहीत संतापाचे काम याच मार्गाने होते असे माझे मत आहे.

आता याच्या शेजारी आपल्या मोबाइलवरचा एखादा फॉरवर्ड ठेवून पाहा. तुमची रात्र म्हणजे नागपूरची सकाळ, त्यामुळे तुम्ही झोपायला निघता तेव्हा धरमपेठेतले किंवा सक्करदऱ्यातले काका उठून चहा घेता घेता पहिला मजकूर पाठवतात. त्यात एक भडक चित्र असते, ‘मीडिया हे तुम्हाला दाखवणार नाही’ असे वाक्य असते आणि शेवटी ‘जागे व्हा, सगळ्या ग्रुपवर पाठवा’ अशी आज्ञा असते. लिहिणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. सरकारकडे मागणी नाही, न्यायालयाकडे नाही, नगरसेवकाकडेही नाही. त्याची एकच मागणी असते आणि ती तुमच्या अंगठ्याकडे असते. लोकांना चिडवणे हा प्रचाराचा दोष मला वाटत नाही, कारण चिडण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे. त्या चिडीची सही आणि पत्ता पुसून टाकणे, हा त्याचा खरा दोष आहे.

असा मजकूर इतका का धावतो, यावर बराच अभ्यास झालेला आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या गेल्या, आणि खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसले. खोट्याला मिळालेली ही आघाडी यंत्रांनी दिलेली नव्हती, माणसांनी दिलेली होती. त्याच्या आदल्या वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले होते की राजकीय मजकुरात नैतिक भावना चेतवणारा एकेक शब्द वाढला की त्याचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शिवी देऊन पाठवलेले खंडनसुद्धा त्याच चक्कीला दळण पुरवते.

याची किंमत काय असते, ते सांगतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली आहे या मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवेपायी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली. नागपुरात १७ मार्च २०२५ रोजी महाल या भागात औरंगजेबाच्या कबरीविरुद्ध आंदोलन झाले, प्रतीकात्मक कबर जाळली गेली, आणि जळालेल्या चादरीवर धार्मिक मजकूर होता असे दुपारनंतर सगळीकडे पसरले. ती अफवा होती, असे मुख्यमंत्र्यांनी पुढे सभागृहात सांगितले. परंतु तोपर्यंत महालात आणि हंसापुरीत दगडफेक व जाळपोळ होऊन गेली होती, कित्येक पोलीस जखमी झाले होते, संचारबंदी लागली होती, आणि ती पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला. एका जखमी माणसाचा रुग्णालयात मृत्यू झाला. त्या आठवड्यात ज्यांची दुकाने बंद राहिली आणि ज्यांची रोजी बुडली, त्यांतल्या बहुतेकांनी ना कबरीबद्दल काही मागितले होते, ना चादरीबद्दल.

मात्र सारा दोष अफवेवर टाकून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात आला होता. त्यांची मागणी स्पष्ट होती, अनुसूचित जमातीच्या सवलतींची. पत्ताही बरोबर होता, कारण अधिवेशन चालू होते. निवेदन स्वीकारायला सरकारकडून कोणी येईल म्हणून हजारो माणसे दिवसभर थांबली, संध्याकाळी लाठीमार व चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. त्यांत बायका आणि मुले अधिक होती. झिरो माइलजवळचे त्यांचे स्मारक आपण येता-जाता पाहिलेले असेल. पुढे हा वाद न्यायालयांत गेला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. घटनेचा मार्ग धरणाऱ्यांचे ऐकून घेतले जात नाही असे वारंवार दिसले, तर बिननावाच्या संतापाला गिऱ्हाईक आपोआप मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात, घटनात्मक मार्ग खुले असताना असहकार आणि सत्याग्रहासारख्या मार्गांना ‘अराजकाचे व्याकरण’ म्हटले होते आणि ते सोडून देण्याचा आग्रह धरला होता. नागपूरच्या रस्त्यावरचा शिस्तीचा मोर्चा त्यात मोडत नाही असे मी मानतो. पण मार्ग खुले आहेत की नाहीत याची जबाबदारी आत बसलेल्यांवर असते, हेही त्याच विचारातून निघते.

सरकारनेच खोटे काय ते ठरवावे आणि बंद करावे, असे काही मित्र मला म्हणतात. मी या मताचा नाही. २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर साधे मत व्यक्त केले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ६६अ कलमाचा तेव्हा वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०१५ मध्ये रद्द करावे लागले. सरकारी कारभाराविषयीची खोटी माहिती केंद्राच्याच तथ्य-तपासणी विभागाने ठरवावी हा नियमही मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. वादातला एक पक्षच पंच होऊ शकत नाही. तेव्हा काम आपल्याकडेच उरते.

ते कसे करावे, याचे एक उदाहरण देतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि विदर्भाच्या बाजार समित्यांत कितीतरी माल त्याहून कमी भावाने गेला. समजा, तुमच्या वर्धेच्या मामांनी ग्रुपवर एक मजकूर टाकला, ज्यात या पडलेल्या भावाचे खापर कुठल्या तरी एका समाजावर फोडलेले आहे. आपण काय करतो? ‘मामा, फेक आहे, टाकत नका जाऊ’ असे साठ नातेवाइकांसमोर लिहितो. मामांना त्यातून दोन गोष्टी ऐकू येतात: भाचा परदेशात जाऊन शहाणा झाला, आणि आपला बुडालेला पैसाही याला खोटाच वाटतो. संध्याकाळपर्यंत ते आणखी तीन मजकूर टाकतात, आणि त्यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आपल्याकडे वादाची जुनी शिस्त आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडायचे, म्हणजे पूर्वपक्ष करायचा, आणि मगच आपले सांगायचे. न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, सत्य शोधणारा वाद, जिंकण्यापुरता जल्प आणि स्वतःचे काही न मांडता नुसते खोडून काढणारी वितंडा, असा भेदही केलेला आहे; टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चा यांतल्या कशात मोडतात ते मी सांगायला नको. तर मामांना ग्रुपवर न गाठता फोन करावा. भाव काय मिळाला, किती क्विंटल विकले, खरेदी केंद्रावर नोंदणी झाली होती का, बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, मिळाला का, हे विचारावे. हे विचारताना बहुतेक वेळा खरी तक्रार बाहेर येते. मग भाव का पडले याची जी खरी कारणे आपल्याला माहीत आहेत ती आधी सांगावीत, त्यानंतर मजकुरातले खोटे एकदाच सांगावे, आणि ते कोणाच्या सोयीचे आहे हेही सांगावे. खोटे वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले की, खंडनासाठी का होईना, ते ओळखीचे होते आणि ओळखीचे वाक्य खरे वाटू लागते, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसत आले आहे. चूक दाखवली की माणूस उलट अधिक हट्टाला पेटतो, असे मध्यंतरी मानले जात होते. नंतरच्या मोठ्या प्रयोगांत तो परिणाम क्वचितच आढळला. अपमान न करता सांगितले तर माणसे ऐकतात, निदान काही प्रमाणात. आणि शेवटी मामांच्या तक्रारीचे निवेदन लिहायला मदत करावी, बाजार समित्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा उपनिबंधकांच्या नावाने, त्यांच्या सहीने. मी स्वतः शेजाऱ्यांना अशी निवेदने लिहून देत असतो. सगळ्यांना उत्तरे येत नाहीत, पण पोच घेतलेला माणूस फॉरवर्ड कमी करतो असे माझे निरीक्षण आहे.

आता थोडे तुमच्याविषयी, आणि हे मी पाहुणा म्हणून जरा संकोचानेच बोलतो. ‘अमेरिकेतल्या मुलाने पाठवले आहे’ या वाक्याला नागपूरच्या दिवाणखान्यात फार वजन असते. तोच मजकूर गल्लीतल्या पोराने पाठवला असता तर आजोबांनी तपासला असता. हे वजन तुमच्याकडे आहे, आणि महालात संचारबंदी लागली तर तुमचे दूध बंद होत नाही. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांना २०१० च्या कायदादुरुस्तीने मतदार होता येते. त्यासाठी नमुना ६अ हा मतदार नोंदणीचा अर्ज भरावा लागतो आणि मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावे लागते. माहितीच्या अधिकाराचा अर्जही करता येतो, केंद्राच्या खात्यांचे शुल्क परदेशातून ऑनलाइन पोस्टल ऑर्डरने भरता येते. ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले आहे त्यांना भारतात मत नाही; त्यांचे मत इथे आहे, आणि इथल्या शाळा मंडळाच्या निवडणुकीला आपल्यापैकी किती जण जातात हे हात वर करून विचारण्याचे धाडस मी करत नाही.

मंडळाच्या ग्रुपवर राजकीय मजकूर पूर्ण बंद करावा असा एक ठराव दुपारच्या सत्रात येणार आहे, असे मला कळले. मी सभासद नाही, तरी आपल्या अध्यक्षांच्या परवानगीने त्यावर एक दुरुस्ती सुचवतो. बंदी नको. जो राजकीय मजकूर टाकेल त्याने त्यासोबत स्वतःच्या नावाने दोन वाक्ये लिहावीत: हे मी कोठे वाचले, आणि यावर कोणी काय करावे असे माझे म्हणणे आहे. ती नसतील तर ॲडमिनने मजकूर काढावा. मात्र काढल्याचे कारण लेखी कळवावे, पाठवणाऱ्याचे उत्तर कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.