स्टार फेरी : मिठाईवालांनी सुरू केलेली बोट

श्रोतेहो, नमस्कार.

जगातल्या देखण्या बंदरांविषयी बोलायचं म्हटलं, तर इस्तंबूल आहे, सिडनी आहे, नावं पुष्कळ निघतील. पण आजचा सगळा वेळ मी एकाच फेरीबोटीला देणार आहे. ती हाँगकाँगमध्ये चालते. तिचं नाव स्टार फेरी. आणि ती सुरू केली मुंबईहून तिकडे गेलेल्या एका पारशी गृहस्थांनी. त्यांचं नाव दोराबजी नवरोजी मिठाईवाला.

दोराबजी 1852च्या सुमारास हाँगकाँगला पोहोचले. चीनकडे निघालेल्या जहाजावर ते लपून चढले, पकडले गेले आणि मग त्यांना जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला लावलं, असं सांगतात. पुढे त्यांनी तिथेच बेकरी काढली, हॉटेलं चालवली. हाँगकाँगचं बेट एका बाजूला, काउलून दुसऱ्या बाजूला आणि मध्ये व्हिक्टोरिया बंदराचं पाणी. पलीकडे जायचं तर लहान होड्यांचाच मुख्य आधार. 1888मध्ये दोराबजींनी काउलून फेरी कंपनी काढली आणि वाफेच्या बोटीतून उतारूंची ने-आण सुरू केली. हळूहळू चार बोटी झाल्या. मॉर्निंग स्टार, ईव्हनिंग स्टार, रायझिंग स्टार, गायडिंग स्टार. दहा वर्षांनी त्यांनी धंदा विकला. नव्या मालकांनी बोटींच्या नावांवरूनच कंपनीला स्टार फेरी म्हणायला सुरुवात केली, आणि आजही प्रत्येक बोटीच्या नावात एक तारा असतोच.

तिथल्या पारशांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. काउलूनच्या धक्क्यापासून थोडं चाललं की मोडी रोड लागतो. हे होरमसजी मोडीही मुंबईचेच. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी त्यांनी मोठी देणगी दिली, आणि 1910मध्ये तिची पायाभरणी झाली. दूरच्या गावी नुसता पैसा न करता तिथल्या लोकांच्या रोजच्या उपयोगाचं काहीतरी उभं करणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात.

आता बोटीकडे येऊ. हिरवी-पांढरी, दुमजली, पोटाशी रुंद. तिला पुढचं टोक आणि मागचं टोक असा फरकच नाही. दोन्हीकडे सुकाणू, दोन्हीकडे चालकाची खोली. त्यामुळे धक्क्याला लागल्यावर बोट वळवावी लागत नाही, आली तशीच उलट निघते. पण मग उतारूंची तोंडं उलट्या दिशेला होणार! म्हणून लाकडी बाकांच्या पाठी सरकत्या केल्या आहेत. पाठ धरून पलीकडे ढकलायची की बाकाचं तोंड फिरलं. बोट धक्क्याजवळ येते तेव्हा निळ्या गणवेशातला खलाशी लांब काठीच्या आकड्याने दोर पकडतो, खुंट्याला वेढे घालतो, आणि फळी खाली पडते. दहा मिनिटांच्या आत तुम्ही एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर. आजच्या बऱ्याचशा बोटी 1950 आणि 60च्या दशकांत बांधलेल्या आहेत, आणि त्या तशाच चालू ठेवल्या आहेत, हे मला फार आवडतं.

ह्या बोटींनी वाईट दिवसही पाहिले. डिसेंबर 1941मध्ये जपानी फौजा आल्या आणि फेरी बंद पडली. ताब्यात घेतलेल्या बोटी जपान्यांनी युद्धकैद्यांची ने-आण करायला वापरल्या. गोल्डन स्टार ही बोट अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बुडाली. युद्ध संपल्यावर वाचलेल्या बोटी घेऊन सेवा पुन्हा उभी राहिली.

आणि मग 1966 साल. कंपनीने वरच्या वर्गाचं भाडं 20 सेंटवरून 25 सेंट करायचं ठरवलं. खालचा वर्ग होता तसाच राहणार होता. वाढ पाच सेंटची, तीही वरच्या मजल्यावरच्यांना. तरी शहर पेटलं. सो साउ-चुंग नावाचा एक तरुण धक्क्यावर उपोषणाला बसला. त्याला अटक झाली, आणि पुढच्या रात्री काउलूनमध्ये दंगल उसळली. एक माणूस मेला, शेकडो लोक पकडले गेले. पाच सेंटसाठी एवढं? पण तेव्हा बंदराखालून बोगदा नव्हता, मेट्रो नव्हती. कामावर जायचं तर बोट, घरी यायचं तर बोट. घरभाडं, पगार, गर्दी यांनी माणसं आधीच टेकीला आली होती, आणि बोटीचं तिकीट तर रोज हातात यायचं. दर वाढले की ते सगळ्यांना एकाच वेळी कळत होतं. त्या दंगलीनंतर वसाहतीच्या सरकारला लोकांचं ऐकण्याचा विचार करावा लागला. मुंबईची लोकल आठवा, म्हणजे हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

1972मध्ये रस्त्याचा बोगदा झाला, 1980मध्ये मेट्रो पाण्याखालून गेली. बोट संपायला हवी होती. संपली नाही. कारण ती स्वस्त होती, आणि दोन किनाऱ्यांमधलं मोकळं पाणी आणि वारा बोगद्यात मिळत नाही.

पण दुसरं संकट भरावाचं. समुद्र बुजवून जमीन करायची सवय आपल्या मुंबईला आहे, तशीच त्या शहरालाही. बेटाच्या बाजूचा किनारा पुढे सरकत गेला आणि बंदर अरुंद होत गेलं. 1997मध्ये बंदराच्या रक्षणासाठी खास कायदा करावा लागला. तरीही आधीच मंजूर झालेल्या भरावासाठी 2006मध्ये मध्य हाँगकाँगचा जुना धक्का बंद झाला. त्याच्यावर घड्याळाचा मनोरा होता. पाव-पाव तासाने टोल देणारा. 11 नोव्हेंबरच्या रात्री शेवटच्या बोटीसाठी धक्क्यावर प्रचंड गर्दी लोटली. डिसेंबरात तरुण मुलं मनोरा वाचवायला आत शिरून बसली. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं आणि मनोरा पाडला गेला. माझ्या मते हा निर्णय चुकीचाच होता. पलीकडे काउलूनच्या धक्क्याशेजारी जुन्या रेल्वे स्टेशनचा 1915चा मनोरा मात्र उभा आहे. स्टेशन गेलं, पण मनोरा ठेवला. तेच इकडेही करता आलं असतं.

कोविडच्या काळात कंपनीला मोठा तोटा झाला, 2023मध्ये भाडं वाढवावं लागलं. फक्त तिकिटाच्या पैशावर ही बोट चालणं आता कठीण आहे. धक्क्यावरच्या दुकानांचं भाडं आणि जाहिराती यांचा हातभार लागतो. सरकारने हिला प्रवाशांची सोय म्हणून धरावं, पर्यटकांचं आकर्षण म्हणून नव्हे, असं मला मनापासून वाटतं. रोजच्या माणसाने तिच्यात बसायचं सोडलं, तर उरेल ते फक्त देखणं लाकूड.

हाँगकाँगला गेलात, तर खालच्या मजल्याचं तिकीट काढा. तिथे इंजिनाची धडधड पायांना जाणवते, डिझेलचा वास येतो, आणि भाडंही कमी लागतं. पुढच्या बाजूला बसा, आणि शेजारच्याला सांगा की ही बोट मुंबईच्या मिठाईवालांनी सुरू केली. नमस्कार.